पोरीचं मन नाही, रेग्युलेटर चढतोय

मंडळी, आज जरा वेगळा विषय. चाकण चौकातली कोंडी आहे, इंद्रायणीचा फेस आहे, कोयतेवाल्यांच्या बातम्या तर रोजच्याच. ते सगळं उद्या आहेच. आज एअर रायफलच्या पोटातल्या एका बारक्या पार्टबद्दल लिहितोय. वाचून काही जण म्हणतील, पत्रकाराला विषय संपले वाटतं. म्हणू दे. पण आपल्या पट्ट्यातली पोरं-पोरी शूटिंगला जायला लागली आहेत, त्यांचे आईबाप पतसंस्थेचं कर्ज काढून रायफली घेताहेत, आणि त्या रायफलीतला एक दोष पोरांच्या डोक्यावर फुटतोय. हा सार्वजनिक विषय नाही तर काय?

आधी किस्सा सांगतो. नावं देणार नाही, घरच्यांनी तशी विनंती केली आहे.

वडील चाकण फेज दोनमधल्या एका व्हेंडर कंपनीत, शिफ्टवाले. मुलगी अकरावीत, १० मीटर एअर रायफल मारते. रायफल जर्मन, पण सेकंडहँड. नवी घ्यायची तर दोन-तीन लाखांच्या घरात जाते, ते झेपणारं नव्हतं. वर्षभर सगळं छान चाललं. मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. पोरगी सलग शॉट मारत असली की साडेदहाच्या आसपास, अगदी ठरल्यासारखं. पण रायफल खाली ठेवून पाणी प्यायली, पाच-दहा मिनिटं डोळे मिटून बसली आणि पुन्हा उभी राहिली, की पहिला शॉट वर. नऊ पूर्णांक काहीतरी. दुसरा जरा बरा, तिसरा परत जागेवर.

सर म्हणाले, एकाग्रता तुटते. आई म्हणाली, मोबाईल बंद कर. मग ध्यान आलं, प्राणायाम आला, एक समुपदेशक मॅडम आल्या. पोरीने हळूहळू विश्रांती घेणंच सोडलं. हात थरथरला तरी रायफल खाली ठेवायची नाही, कारण ठेवली की पुढचा शॉट जातो. एकदा तर ती घरी म्हणाली, माझ्यातच काहीतरी खोट आहे.

तिच्या वडिलांचे एक मित्र भोसरीत टूलरूम चालवतात. चहा पिता पिता त्यांच्या कानावर हे गेलं. बंदुकीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दादा, त्याच्यात हवेचा रेग्युलेटर असतो का? मग तो चढत असेल."

आणि तो चढत होता.

आता हे 'चढणं' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्या पट्ट्यात हे समजावणं सोपं आहे, कारण इथे दर चौथ्या घरात कुणीतरी कॉम्प्रेसर, न्यूमॅटिक लाइन नाहीतर गॅस कटिंगच्या सेटशेजारी आठ तास उभा असतो.

पूर्वीच्या एअर रायफलीत दर शॉटला दांडा ओढायचा, स्प्रिंग ताणायची किंवा ताजी हवा दाबायची. कष्ट होते, पण हिशेब सरळ होता, दर वेळी नवी हवा. नव्वदीच्या दशकानंतर स्पर्धेत प्री-चार्ज रायफली रूढ झाल्या. यांच्या नळीखाली एक सिलिंडर असतो, त्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली. २०० बार म्हणजे किती, तर आपल्या सीएनजी रिक्षाच्या टाकीत गॅस ज्या दाबाने भरतात तेवढा. एवढ्या दाबाची हवा सरळ छऱ्यामागे सोडून चालत नाही. शिवाय सिलिंडर रिकामा होत जाईल तसा दाब उतरणार, म्हणजे पहिला शॉट वेगळा आणि शंभरावा वेगळा. म्हणून मध्ये रेग्युलेटर. एका बाजूला २०० बार, दुसऱ्या बाजूला ठरवलेला दाब, समजा ७० बार. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, तत्त्व तेच.

आतली रचना साधी आहे. एक छोटा पिस्टन, त्यामागे बशीच्या आकाराच्या वॉशरची रांग, ती स्प्रिंगचं काम करते. समोर एक सीट. शॉट सुटला की पुढच्या छोट्या कप्प्यातली हवा जाते, दाब उतरतो, वॉशर पिस्टनला मागे ढकलतात, सीट उघडते, सिलिंडरमधली हवा आत येते. ७० बार झाले की पिस्टन दाबला जातो, सीटवर बसतो, वाट बंद. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर होतं.

पण सीटवर बारीक ओरखडा असला, धुळीचा कण अडकला, ओ-रिंग कडक झाली, तर वाट पूर्ण बंद होत नाही. नळ पिळून बंद केला तरी थेंब थेंब गळतो आणि सकाळी खालची बादली भरलेली असते, तसंच. (आपल्याकडे २०१९ पासून दिवसाआड पाणी, त्यामुळे गळक्या नळाखाली बादली ठेवायचं शास्त्र पिंपरी-चिंचवडकरांना शिकवायला नको.) कप्प्यातला दाब ७० वर न थांबता ७१, ७३, ७६ असा सरकत राहतो. सलग शॉट मारताना जाणवत नाही, कारण हवा साठायच्या आत वापरली जाते. थांबलं की साठते. यालाच क्रीप म्हणतात. शब्द बंदूकवाल्यांचा नाही, आपल्या वेल्डरांचाच आहे. ऑक्सिजनच्या सेटवर टॉर्चचा कॉक बंद आणि तरी मीटरचा काटा हळूहळू वर जातोय, हे ज्याने पाहिलंय त्याने क्रीप पाहिलंय. आणि असा रेग्युलेटर वापरायचा नसतो, हेही त्याला माहीत असतं. किमान माहीत असायला हवं.

आता यातून निशाण्याला किती फरक पडतो? इथे मला शाळेतलं भौतिकशास्त्र पुन्हा काढावं लागलं. छरा साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने निघतो. १० मीटर जायला त्याला सेकंदाचा जेमतेम सतरावा भाग लागतो. तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. साइट हे धरूनच लावलेली असते. वेग १७० चा १७८ झाला तर छरा लवकर पोचतो, कमी खाली येतो, आणि साधारण दीड मिलिमीटर वर लागतो.

दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही ना? पण एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एक रिंग अडीच मिलिमीटरची. म्हणजे पाव मिलिमीटरला ०.१ गुण. दीड मिलिमीटरला ०.६. साडेदहा मारणारी पोरगी ९.९ वर. तिने काहीही चूक न करता.

हे गणित ढोबळ आहे, जाणकारांनी बारकावे सांगावेत. एक सांगायलाच हवं, की सगळ्या रायफलीत शॉट वरच जातो असं नाही. काहींत वाढलेला दाब व्हॉल्व्हलाच जोरात मिटून धरतो, हॅमरचा ठोका त्याला पुरेसा उघडू शकत नाही, हवा कमी सुटते आणि शॉट खाली जातो. म्हणून 'वर गेला तरच क्रीप' असं समजू नका. विश्रांतीनंतरचा पहिला शॉट दर वेळी एकाच दिशेने चुकतो का, हे बघायचं. मन चुकतं तेव्हा शॉट कुठेही जातो.

स्पर्धेतले आकडे बघा म्हणजे ०.६ चं वजन कळेल. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पोरांनी १० मीटर एअर रायफलचं सांघिक सुवर्ण जिंकलं. रुद्रांक्ष पाटील आपला ठाण्याचा, आणि सोबत दिव्यांश पनवार आणि ऐश्वर्य तोमर. तिघांचे मिळून १८९३.७, तेव्हाचा जागतिक विक्रम. १८० शॉटची सरासरी काढा, १०.५२ येते. म्हणजे जगात सगळ्यात वर जाणारे लोक दहा आणि अकराच्या मधल्या अर्ध्या गुणात राहतात. फायनलचा कट ०.१ ने हुकलेली पोरं दर स्पर्धेत असतात. तिथे फुकटचे ०.६ गेले, आणि साठ शॉटच्या मॅचमध्ये असं चार-पाच वेळा झालं, तर पोरगी यादीत कितव्या नंबरवर घसरेल ते तुम्हीच सांगा.

आता कुणी म्हणेल, मग दोन शॉट हवेतच सोडून द्यायचे आणि साठलेला दाब उतरवायचा. सरावात हे करता येतं. मॅचच्या आधी १५ मिनिटं तयारीची आणि साइटिंगची असतात, त्यातही हवे तितके साइटिंग शॉट मारता येतात. पण एकदा मॅच सुरू झाली की नियम कडक आहे. छरा टार्गेटवर न लागता नुसती हवा सोडली तर तो शॉट शून्य धरतात. हवा न सोडता कोरडा ट्रिगर दाबायला परवानगी आहे, पण त्याने कप्प्यातला दाब उतरत नाही. ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे, मध्ये कुठेतरी थांबावं लागतंच. थांबल्यावरचा तो शॉट मोजला जाणारच. म्हणून 'चालवून घेऊ' हा आपला राष्ट्रीय उपाय इथे चालत नाही.

दोष ओळखायचा कसा? स्पर्धेच्या बहुतेक रायफलींना जो मीटर असतो तो सिलिंडरचा. रेग्युलेटरच्या पुढच्या कप्प्यात किती दाब आहे ते तो दाखवत नाही. तिथेच सगळी फसगत होते. आईबाप बघतात, मीटर तर बरोबर आहे. त्यामुळे दुसरा मार्ग घ्यावा लागतो, वेग मोजायचा. क्रोनोग्राफ नावाचं छोटं यंत्र मिळतं, छरा त्यावरून गेला की वेग दाखवतं. दहा शॉट नेहमीच्या लयीत मारायचे, आकडे लिहायचे. मग अर्धा तास रायफल भरलेली तशीच ठेवायची. पुन्हा एक शॉट, आकडा लिहायचा. पुन्हा दहा. पुढचा दिवस, तेच. पहिला आकडा दर वेळी बाकीच्यांपासून फटकून असेल तर रेग्युलेटरकडे संशयाने बघायचं. एकदाच फटकला तर दुसरं कारण असू शकतं. ओ-रिंग रात्रभर बसून चिकटलेली असते, छरा खराब असतो. शिवाय सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेला तर सगळेच शॉट घसरत जातात. तो क्रीप नव्हे, हवा संपली एवढाच अर्थ.

त्या पोरीच्या रायफलीचा आकडा लयीत १७० च्या आसपास होता. दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर १७७, १७८. तीन दिवस सलग. कागद समोर ठेवला तेव्हा पोरगी रडली म्हणे. वडील सांगत होते, आनंदाने रडली की रागाने ते कळलं नाही.

थोडाफार क्रीप बऱ्याच रायफलीत असतो, हेही सांगतो, नाहीतर ही पोस्ट वाचून दहा जण उद्या रायफल खोलून बसतील. शॉटनंतर दाब एक-दीड बार वर सरकून तिथेच थांबत असेल, तर तो रेग्युलेटरचा स्वभाव समजायचा आणि साइट त्यावर लावायची. थांबत नसेल, चढतच राहत असेल, तर तो आजार. आणि महिन्यागणिक फरक वाढत असेल तर सीट झिजतेय. म्हणून वही ठेवा. तारीख, थांबलेली मिनिटं, पहिल्या शॉटचा वेग. सीएनसीवाले दर तासाला जॉबचं माप लिहितात की नाही? तेच.

कारणांमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पाणी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा म्हणजे अर्धी वाफच. ती हवा दाबून २०० बारला नेली की तिच्यातलं पाणी सुटतं. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला चांगला फिल्टर आणि ड्रायर नसेल तर ते पाणी सिलिंडरमध्ये, तिथून रेग्युलेटरमध्ये. पितळेवर डाग, स्टीलवर गंज, आणि त्या गंजाचा एक कण सीटवर बसला की झालं. कुठल्याही शॉपमधल्या एफआरएलच्या काचेच्या वाटीत सकाळी साचलेलं पाणी बघा. हे शॉपफ्लोअरवरच्या हेल्परला माहीत आहे, मग शूटिंग रेंजवर हवा भरणाऱ्या माणसाला का माहीत नसावं?

दुसरी गोष्ट उन्हाची. भरलेली रायफल गाडीत ठेवून पालक कुठेतरी जेवायला थांबतात. २५ अंशाला २०० बार असलेला सिलिंडर ४५ अंशाला २१३ च्या आसपास जातो. गाडीच्या डिकीत ४५ अंश म्हणजे एप्रिलमध्ये काहीच नाही.

आणि तिसरी, हिच्यासाठी ही पोस्ट चार जणांना पुढे पाठवा. आपल्या पट्ट्यात ऑक्सिजनचा सिलिंडर गल्लोगल्ली आहे. 'हवाच आहे की ती, भरून टाक' असं म्हणणारा एखादा हुशार भेटू शकतो. एअर रायफलमध्ये ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. आत ओ-रिंगला ग्रीस असतं, तेलाचा अंश असतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. रायफल धरणाऱ्याचा गाल नळीपासून चार बोटांवर असतो, हे लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताथवड्यात टँकरमधून चोरून गॅस भरताना काय झालं, शाळेच्या बस कशा जळाल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दाबाखालच्या वस्तूशी खेळायची आपल्या शहराची सवय जुनी आहे.

सिलिंडरची तारीखही बघायची. आंतरराष्ट्रीय नियमानुसार रायफलीचा हवेचा सिलिंडर मुदतीत आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूची असते, आणि ती मुदत जास्तीत जास्त १० वर्षं. इक्विपमेंट तपासणीत सिलिंडर बाद झाला तर पोरगं रेंजवर जाऊन रिकाम्या हाताने परत. सेकंडहँड रायफल घेणारे बॅरल बघतात, लाकूड बघतात, स्टॉकवरचे स्टिकर बघतात. सिलिंडरवर कोरलेलं साल कुणी वाचत नाही. सीएनजी टाकीची टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते म्हणून रिक्षावाला कुरकुरत का होईना करून घेतो. पोराच्या गालाखाली तेवढ्याच दाबाची टाकी आहे, तिची तारीख वडिलांना पाठ नको का?

आता माझं म्हणणं.

महाराष्ट्राला या खेळात कमी पडायचं कारणच नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं आपलीच. रुद्रांक्ष २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा तो दुसरा महाराष्ट्रीय, मध्ये ७२ वर्षं गेली. त्याचा प्रकार ५० मीटरचा, काडतुसाचा. हवेच्या रेग्युलेटरशी त्याचा संबंध नाही, हे मान्य. पण त्याच्यानंतर बालेवाडीकडे वळणाऱ्या पोरांची सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलनेच होते.

त्या पदकानंतर राज्य सरकारने एक कोटी जाहीर केलं. मग रक्कम वाढवावी की नाही, हरियाणा किती देतं, यावर महिनोन्महिने चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण ज्या दिवशी पोरगं बारा वर्षांचं असतं, रायफल सेकंडहँड असते आणि पहिला शॉट वर जात असतो, त्या दिवसासाठी आपल्याकडे काय आहे? बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेपासून उभं आहे, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत तिथे नेमबाजी झाली. रेंज आहे, लेन आहेत, प्रशिक्षक आहेत. पण खेळाडूला कोचइतकाच जो माणूस लागतो तो यंत्र दुरुस्त करणारा. आणि तो माणूस मिळवायला पालक दिल्ली-मुंबईला फोन लावत बसतात. रायफल कुरिअरने पाठवायची, तीन आठवडे वाट बघायची, पोरीचा सराव बंद. सीट आणि ओ-रिंगचा खर्च काही शे रुपयांचा, पण निवड चाचणी हातची जाते.

हे आपल्या पट्ट्यात घडावं याची मला खरंच लाज वाटते. भोसरीत, चाकणमध्ये, तळवड्यात मायक्रॉनमध्ये काम करणारी शेकडो शॉप आहेत. डेल्रिनची सीट टर्न करून तिचा चेहरा आरशासारखा करणं ही इथल्या चांगल्या टर्नरची अर्ध्या तासाची गोष्ट. ठाणे जिल्ह्यातल्या प्रिसिहोलचं उदाहरण आहे. खोल भोकं पाडणारी यंत्रं बनवणाऱ्यांनी एअर रायफली बनवायला घेतल्या, कारण बॅरल म्हणजे शेवटी खोल भोकच. आपल्याकडे हात आहेत, मशीन आहे. त्या हाताला हे काम ठाऊक नाही आणि त्या खेळाडूला हा हात ठाऊक नाही, एवढीच अडचण आहे.

तर मागणी साधी आहे. बालेवाडीत आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त रेंजवर एक क्रोनोग्राफ ठेवा, सगळ्यांना वापरता येईल असा. हवा भरायच्या ठिकाणी ड्रायर आणि फिल्टर, आणि फिल्टर बदलल्याची तारीख भिंतीवर. हवा भरण्याआधी सिलिंडरची मुदत बघायची, संपली असेल तर भरायची नाही, मग पालक कितीही ओळखीचे असोत. आणि एक तंत्रज्ञ, पगारी, आठवड्यातून दोन दिवस का होईना. महापालिकेची मोरवाडीला आयटीआय आहे. फिटर आणि टर्नरच्या चार पोरांना सहा महिने या कामाला लावलं, कंपनीकडून रीतसर शिकवून आणलं, तर पुण्यापुरता प्रश्न सुटतो. क्रीडा विभागाच्या बजेटमध्ये ही रक्कम उद्घाटनाच्या मांडवाएवढीसुद्धा नसेल.

यावर येणारे दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, हा श्रीमंतांचा खेळ, त्यावर सरकारने का खर्च करावा. श्रीमंताचं पोरगं दुसरी रायफल घेतं हो. रेग्युलेटर चढला तरी त्याचं काही अडत नाही. तंत्रज्ञ लागतो तो चाकणच्या शिफ्टवाल्याच्या पोरीला.

दुसरा, पोरांच्या हातात बंदूक कशाला, इथे आधीच काय कमी आहे का. या शहरात कोयत्याच्या बातम्या करून मी स्वतः थकलोय, त्यामुळे ही भीती मला कळते. पण स्पर्धेची एअर रायफल ७-८ ज्यूलची. साडेचार मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन परवान्याशिवाय घेता येते, तिच्या निम्मीसुद्धा ताकद नाही. काळजी करायची तर ऑनलाइन घेतलेल्या गनचा रेग्युलेटर मुद्दाम पिळून दाब वाढवणाऱ्या हौशी मंडळींची करा. मर्यादेला टेकवून ठेवलेली गन क्रीप झाली की मर्यादा ओलांडते, आणि मग प्रश्न आर्म्स ॲक्टचा होतो. शिवाय असल्या गन घेऊन डोंगरावर पक्षी मारायला जाणाऱ्यांबद्दल एकदा स्वतंत्र लिहीन. रेंजवर जाणारी पोरं त्यातली नव्हेत. तिथे नळी कुठल्या दिशेला ठेवायची हे पहिल्या दिवशी शिकवतात, निशाणा नंतर.

घरी खोलू का, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो, माझं मत नाही असंच आहे. व्हिडिओ बघून उघडणारे खूप आहेत. वॉशर कुठल्या क्रमाने लावले होते ते विसरलं की दाबच बदलतो. आणि आत हवा अडकलेली असताना चूडी फिरवली तर पार्ट गोळीसारखा येतो. ज्याला काम येतं तो आधी सिलिंडर काढतो, कप्प्यातली उरलेली हवा सुरक्षित दिशेला शॉट सोडून रिकामी करतो, मगच पाना हातात घेतो. तुमच्या मिस्त्रीने हे दोन टप्पे केले नाहीत तर रायफल उचला आणि परत या.

कोच मंडळींनाही एक विनंती, राग मानू नका. पोराला 'तुझं लक्ष नाही' म्हणण्याआधी एकदा वेग मोजा. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं, त्या फायनलच्या आधीचा त्याचा साइटिंग शॉट चारमध्ये गेला होता. त्याने स्वतःच्या मनाला दोष दिला नाही, साइट हललीय हे ओळखून ती परत लावली. टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, तिची मौल्यवान मिनिटं गेली आणि फायनल थोडक्यात हुकली. लोकांनी तिला दडपणाखाली कोसळलेली म्हटलं. तीन वर्षांनी त्याच मनूने पॅरिसमध्ये दोन पदकं आणली.

त्या अकरावीतल्या पोरीच्या रेग्युलेटरची सीट शेवटी भोसरीच्याच त्या टूलरूमवाल्यांनी बनवली, एका अनुभवी आर्मररला फोनवर माप विचारून, त्याच्याच सांगण्याप्रमाणे. नवी ओ-रिंग, नवी सीट, वॉशर साफ करून त्याच क्रमाने. अर्ध्या तासानंतरचा पहिला शॉट आता १७१. ती परत रायफल खाली ठेवून पाणी प्यायला लागली आहे.

ज्यांच्या घरी प्री-चार्ज रायफल आहे त्यांनी आज संध्याकाळी सिलिंडर काढून त्यावरचं साल वाचा. १० वर्षांपेक्षा जुना निघाला तर उद्या हवा भरायला नेऊ नका. आणि भोसरी, तळवडे, चाकणमधल्या ज्या शॉपवाल्यांना हे सीटचं काम करून बघायची तयारी आहे, त्यांनी मला मेसेज करा. तीन रेंजवाल्यांशी बोलणं झालंय, गाठ घालून देतो.